वरणगावची पाटी आणि सरळ जाणारी गोळी

दिवाळीला पुण्याहून गावी जायचं म्हणजे आमच्यासाठी रात्रभराची रेल्वे. दौंड, नगर (आता अहिल्यानगर), मनमाड झोपेतच मागे पडतात आणि भुसावळला चहावाल्यांच्या आरडाओरड्याने जाग येते. भुसावळ सुटलं की थोड्याच वेळात वरणगावची पिवळी पाटी दिसते. आमची गाडी तिथे थांबत नाही. मग अकोला, बडनेरा, आणि शेवटी धामणगाव. तिथे उतरून बाभूळगावकडची एस्टी पकडली की आमचा यवतमाळ जिल्हा सुरू. उतरायला विसरलात तर पुढे पुलगाव लागतं, जिथे लष्कराचं देशातलं सगळ्यात मोठं दारूगोळा कोठार आहे.

वरणगावची पाटी मी लहानपणापासून खिडकीतून बघतो, त्याला कारण आमचे मोठे बाबा (म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्याकडे असंच म्हणतात). ते १९८३ ला पायदळात भरती झाले आणि २००० ला पेन्शनवर आले. त्यांच्या काडतुसांच्या बुडावर इंग्रजीत 'ओ एफ व्ही' अशी अक्षरं असायची. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव! "तिकडं बरफात आपलं कोणी नसे. पण राउंड भरताना वरणगाव दिसलं का बरं वाटे," असं ते सांगतात.

तर मंडळी, या दिवाळीत आमच्या ओसरीवर एक युद्ध झालं. एका बाजूला मोठे बाबा. दुसऱ्या बाजूला त्यांचाच धाकटा मुलगा, माझा चुलतभाऊ, जो सध्या फौजेत आहे आणि सुट्टीवर आला होता. विषय नेहमीचाच, कोणाची बंदूक भारी.

"ते इन्सास म्हणजे काय बंदूक हाय काय बे? खेळणं हाय खेळणं! आमची एसएलआर कशी, माणूस दिसला, नेम धरला, का गोळी सुतासारखी सरळ जाये."

"बाबा, सरळ तं इन्सासचीबी जाते. तुमच्यापेक्षा जास्त सरळ जाते. अन् तुमचे शंभर राउंड घेऊन पहाड चढून पाहा, मंग बोला."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "तू इंजिनियर हायस नं? सांग बरं, कोणाची गोळी सरळ जाते?"

आता मी इंजिनियर आहे हे खरं, पण मला नातेवाइकांचे प्रिंटरसुद्धा धड दुरुस्त करता येत नाहीत. तरी प्रश्न डोक्यात बसला. सुट्टी संपवून पुण्याला आलो, आणि मागचे तीन वीकेंड याच्यातच गेले. त्याचा हा हिशोब.

पहिली गोष्ट म्हणजे कोणाचीच गोळी सरळ जात नाही. हे अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी शिकून पेपरानंतर विसरलेलं आहे. नळीतून बाहेर पडल्याक्षणी गोळी खाली पडायला लागते, अगदी हातातून सुटलेल्या लिंबासारखीच. फरक एवढाच, की लिंबू खाली येईपर्यंत गोळी तीन-चारशे मीटर पुढे गेलेली असते. म्हणून नळी थोडी वर तोंड करून धरावी लागते. गोळी नजरेच्या रेषेच्या वर चढते, एक कमान करते आणि ठरलेल्या अंतरावर पुन्हा रेषेवर येते. बंदुकीवरची साइट म्हणजे दुसरं काही नाही, ही कमान किती उंच ठेवायची त्याची सोय.

'सपाट मारा' म्हणजे ही कमान जितकी बुटकी तितकी चांगली. का चांगली? कारण लढाईत समोरचा माणूस किती मीटरवर आहे हे कोणी टेप लावून सांगत नाही. शिपाई अंदाज करतो आणि अंदाज चुकतो. कमान बुटकी असेल तर अंदाज चुकला तरी गोळी माणसाच्या उंचीतच राहते. कमान उंच असेल तर ती डोक्यावरून जाते किंवा पायापुढच्या मातीत घुसते.

ही गोष्ट इंग्रजांना फार महागात शिकावी लागली. ११ डिसेंबर १८९९, दक्षिण आफ्रिकेतलं मॅगर्सफोंटेन. समोर बोअर शेतकरी, हातात जर्मन बनावटीच्या ७ मिलिमीटरच्या माउझर रायफली. टेकडीवर मोर्चा धरायचा ही तेव्हाची सरळ रीत. पण द ला रे नावाच्या बोअर सेनानीने उलटं सांगितलं, खंदक टेकडीच्या पायथ्याशी, सपाट जमिनीत खणा. इंग्रजांनी तोफांनी टेकडी भाजून काढली आणि पहाटे हायलँड ब्रिगेड निर्धास्त चालत आली. पायथ्यापासून आलेल्या गोळ्यांनी ती कापून काढली, ब्रिगेडचा जनरल वॉकोप तिथेच पडला. टेकडीवरून मारलेली गोळी वरून खाली येते आणि एका जागी जमिनीत शिरते. पायथ्यावरून मारलेली सपाट गोळी जमिनीला समांतर, माणसाच्या उंचीवरून शेकडो मीटर जात राहते. पहिल्या रांगेतला चुकला तर मागच्याला लागते. आपल्या कापसाच्या शेतात विळा जमिनीलगत फिरवला आणि कुऱ्हाड वरून मारली, यातला फरक समजा.

तेव्हा इंग्रजांची, म्हणून आपल्याकडचीही, बंदूक होती थ्री नॉट थ्री. तिची गोळी २१५ ग्रेनची (सुमारे १४ ग्रॅम), नाक गोल, आणि वेग सेकंदाला ६२८ मीटरच्या आसपास. इकडे फ्रेंचांनी १८९८ साली टोकदार गोळी काढली होती. जर्मनांनी १९०३ साली हलकी टोकदार गोळी आणली, वेग जवळपास ८८० मीटर. मग अमेरिकेने १९०६ साली तेच केलं. शेवटी १९१० साली इंग्रजांनीही थ्री नॉट थ्रीची गोळी बदलली. मार्क ७ : टोकदार, १७४ ग्रेन, वेग ७४४ मीटर.

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच सूत्र आहे. हवा नाही असं धरलं तर कमानीची उंची म्हणजे गोळीला लागलेल्या वेळेचा वर्ग, गुणिले ९.८, भागिले ८. मी एक्सेल उघडून बसलो. नेम ६०० मीटरवर लावला तर जुन्या गोल गोळीची कमान मधोमध १ मीटर १२ सेंटिमीटर उंच होते. मार्क ७ ची ८० सेंटिमीटर. मोठ्या बाबांच्या एसएलआरची (वेग ८४० धरून) ६२. आणि इन्सासची (वेग ९१५ च्या आसपास) ५३. म्हणजे चुलतभाऊ बरोबर! निदान कागदावर.

तेच अंतर निम्मं करा, ३०० मीटर. वेळ निम्मा, पण वर्ग असल्यामुळे कमान एकदम चौथाई होते. अनुक्रमे २८, २०, १६ आणि १३ सेंटिमीटर. हे आकडे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हवा धरली की चित्र थोडं बदलतं. हवा गोळीला सतत मागे ओढते आणि हलक्या गोळीला जास्त ओढते. इन्सासची गोळी फक्त ४ ग्रॅमची, एसएलआरची साडेनऊ. सुरुवातीला हलकी गोळी पुढे असते, पण लांब गेल्यावर तिचा दम लवकर सरतो आणि आडव्या वाऱ्यात ती जास्त वाहवते. टेबल टेनिसचा बॉल आणि क्रिकेटचा बॉल सारख्याच वेगाने फेकून बघा, लगेच कळेल.

मार्क ६ वरून मार्क ७ वर जाण्याची एक गोष्ट आयटीवाल्यांना विशेष आवडेल. गोळी बदलली की कमान बदलते, म्हणजे साइटवरच्या खुणाही बदलाव्या लागतात. जुन्या खुणांच्या बंदुकीत नवी गोळी घातली तर मारा वर जाणार. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा फ्रान्समधली ब्रिटिश फौज नव्या व्हर्जनवर होती आणि हिंदुस्थानातली फौज जुन्या. आपले सैनिक सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेल बंदरात उतरले, तिथे त्यांच्या रायफली बदलून नव्या देण्यात आल्या. हातात अनोळखी बंदूक आणि महिन्याभरात समोर जर्मन. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यू शापेल गावात जी हिंदी पथकं घुसली, त्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या दिवशी पडले. घराघरांतून, संगिनीने, हातघाईची लढाई झाली. आपल्याकडे लाइव्ह सर्व्हरवर शुक्रवारी संध्याकाळी मायग्रेशन केलं तर फार तर क्लायंट ओरडतो. असो.

तर बोअर युद्धाचा धडा इंग्रजांच्या इतका मनात बसला की मार्क ७ वर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी अगदी नवं काडतूस बनवलं, पॉइंट २७६, आणि त्यासाठी पॅटर्न १९१३ नावाची रायफल. वेग जवळपास ८५० मीटर. १९१३ साली ती पलटणींत चाचणीला दिली. गोळी मस्त सपाट जायची, पण नळी भराभर तापायची आणि आतून झिजायची, तोंडाशी मोठा जाळ आणि आवाज व्हायचा. वर्षभरात महायुद्ध आलं, कारखाने नव्या काडतुसासाठी थांबवणं शक्य नव्हतं आणि ते प्रकरण तिथेच संपलं. रायफल मात्र थ्री नॉट थ्रीला जुळवून अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखोंनी बनली.

मला वाटतं सपाट माऱ्याची किंमत इथेच स्पष्ट दिसते. वेग हवा तर दारू जास्त. दारू जास्त तर दाब, उष्णता, झीज, धक्का आणि वजन सगळंच जास्त. फुकट काहीच मिळत नाही, ही सगळी बिलं शेवटी शिपायाच्या खांद्यावर येतात.

आणि हे सगळं कशासाठी? ६०० मीटरवरच्या माणसासाठी. पण ६०० मीटरवर शिपाई खरंच मारतो का?

महायुद्धाआधीच्या ली-एन्फील्डच्या बाजूला एक जादा साइट असायची, २८०० यार्डांपर्यंत खुणा असलेली. अडीच किलोमीटर! एवढ्या लांबचा एक माणूस कोणाला दिसणार? ती सोय सगळ्या पलटणीने मिळून एखाद्या घोळक्यावर गोळ्यांचा पाऊस पाडण्यासाठी होती. मशीनगन आल्या आणि ते काम त्यांच्याकडे गेलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मनांच्या लक्षात आलं की पायदळाची बहुतेक गोळीबारी ४०० मीटरच्या आतच होते. त्यांनी काडतूस चक्क आखूड केलं. रशियनांनी १९४३ साली ७.६२ × ३९ काढलं, जे पुढे एके-४७ मध्ये गेलं. अमेरिकेत १९५२ साली नॉर्मन हिचमन यांचा अहवाल आला. त्याचं म्हणणं, रायफलीचा परिणामकारक वापर मुख्यतः ३०० यार्डांच्या आतच होतो आणि त्यापुढे साध्या शिपायाचा नेम झपाट्याने बिघडतो.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. घाडगे एकटेच धावून गेले, आधी ग्रेनेड, मग टॉमीगन. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. तिथेच त्यांना गोळ्या लागल्या आणि ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशी निर्णायक अंतर होतं एका हाताचं.

तरीसुद्धा युद्धानंतर अमेरिकेने हट्ट धरला की काडतूस पूर्ण ताकदीचंच पाहिजे. इंग्रजांनी मधला मार्ग काढला होता, ७ मिलिमीटरचं पॉइंट २८० आणि ईएम-२ रायफल. १९५१ साली ती स्वीकारलीही, पण चर्चिल आले आणि ती बासनात गेली. १९५४ ला नाटोने ७.६२ × ५१ घेतलं. आपण नाटोत नाही, पण काडतूस तेच घेतलं. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढले, त्यानंतर सगळीच घाई झाली. ईशापूरला १ए१ म्हणजे मोठ्या बाबांची एसएलआर बनायला लागली आणि तिच्या काडतुसांसाठी १९६४ साली वरणगावचा कारखाना उभा राहिला. खडकीचा अम्युनिशन कारखाना तर १८६९ पासूनचा. म्हणजे हिंदुस्थानच्या पायदळाच्या गोळीचा इतिहास बराचसा आपल्याच रेल्वे मार्गांवर पसरलेला आहे. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच.

मग अमेरिकेचाच विचार बदलला. १९५७ साली त्यांच्या लष्कराने छोट्या काडतुसाची अट घातली ती अशी : रायफल हलकी पाहिजे, ५०० यार्डांवर लोखंडी हेल्मेट भेदलं पाहिजे आणि तेवढ्या अंतरापर्यंत मारा जुन्या मोठ्या काडतुसाइतकाच सपाट पाहिजे. म्हणजे सपाटपणा सोडला नाही, वजन सोडलं. छोटी गोळी, प्रचंड वेग. त्यातून ५.५६ आलं. (माणूस मारण्याऐवजी जखमी करायचा म्हणून छोटी गोळी आणली, अशी एक लोकप्रिय गोष्ट आपल्याकडे सांगतात. मोठे बाबाही सांगतात. त्या अटींत असं काही नाही.)

आपल्याकडे हे काम झालं पुण्यात पाषाणला, एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत. १९८० च्या दशकात तिथे इन्सास रायफलीचं काम सुरू झालं. नव्वदीच्या अखेरीस ती फौजेत आली आणि काडतुसं पुन्हा वरणगावचीच. लगेच १९९९ ला कारगिल झालं. तिथल्या थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकली, बंदुका अडकल्या, इन्सासचं नाव खराब झालं. मोठ्या बाबांचा राग तिथला आहे आणि तो खरा आहे. पण गंमत बघा, त्या तक्रारींपैकी एकही काडतुसाच्या कमानीबद्दल नाही. उलट एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे गोळी आणखी सपाट जाते. बिघडलं ते मॅगझिन, म्हणजे चार पैशांचं प्लॅस्टिक. प्रोजेक्टमध्ये अल्गोरिदम सगळे तपासतात आणि शेवटी सिस्टिम पडते ती डिस्क भरल्यामुळे. तसंच.

आता वजनाचा मुद्दा. एसएलआरचा एक राउंड साधारण २४ ग्रॅम, इन्सासचा १२. शंभर राउंडांना २.४ किलो विरुद्ध १.२. गोळीचं वजन गुणिले वेग केलं तर धक्का निम्म्याहून कमी येतो. चुलतभावाचं 'पहाड चढून पाहा' म्हणणं इथे लागू पडतं.

दुसरं एक उदाहरण, जे लिहिताना मला अजून त्रास होतो. २६ नोव्हेंबर २००८, मुंबईचं सीएसटी. दोन अतिरेक्यांच्या हातात एके-४७ जातीच्या बंदुका आणि समोर आपल्या काही पोलिसांकडे थ्री नॉट थ्री, काहींकडे नुसती काठी. मी गंमत म्हणून नाही, पण एक्सेलमध्ये तेही टाकलं. एकेच्या गोळीचा वेग साधारण ७१५ मीटर, थ्री नॉट थ्रीचा ७४४. म्हणजे त्या दिवशी सीएसटीवर जास्त सपाट मारा करणारी, जास्त जोराची गोळी आपल्या पोलिसांकडे होती! काय उपयोग झाला? पल्ला काही मीटरांचा, आणि दर गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. ती माणसं तरीही पुढे गेली, हे विसरता येत नाही. नुसत्या काडतुसाच्या तक्त्यावरून बंदुका निवडल्या तर असा फसवा निकाल निघतो.

गडचिरोलीतही तेच. जंगलात समोरचा माणूस पन्नास मीटरवर दिसला तरी खूप. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस गेले ते भूसुरुंगाने, तिथे कुठलंच काडतूस कामाचं नव्हतं.

आणि आता काटा पुन्हा उलटा फिरतोय. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला, काडतूस ७.६२ × ५१, म्हणजे मोठ्या बाबांचंच. डिसेंबर २०२१ मध्ये ६ लाखांहून जास्त एके-२०३ चा करार झाला, ज्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात. काडतूस ७.६२ × ३९, म्हणजे सगळ्यांत उंच कमानीच्या जातीतलं. जानेवारी २०२४ मध्ये पाषाणच्या एआरडीईने 'उग्रम' दाखवली, पुन्हा ७.६२ × ५१. अमेरिकेने तर २०२२ साली ६.८ × ५१ निवडलं. चिलखत भेदायचं आणि लांब मारायचं म्हणून दाब ८०,००० पीएसआयपर्यंत, त्यासाठी काडतुसाचं बूड स्टीलचं. आणि बिल? आधी शिपाई २१० राउंड घेऊन चालायचा, आता १४०. शंभर वर्षांपूर्वीच्या पॉइंट २७६ ची आठवण येते की नाही?

तर मग ओसरीवरच्या भांडणाचा निकाल काय? सांगतो, पण आधी माझी अब्रू घालवून घेतो.

कॉलेजात मी एनसीसीत होतो. कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफलीने पाच गोळ्या मारायला मिळाल्या. पोटावर झोपून, २५ मीटरवर कागद, वारा नाही, समोरून कोणी मारत नाही. मागून उस्ताद "साँस रोको" म्हणून ओरडतोय एवढाच काय तो ताण. मग रिकाम्या केसेस मातीतून वेचून, मोजून परत द्यायच्या, एक कमी भरली तर कोणी जागचं हलायचं नाही. माझ्या पाच गोळ्या जिथे लागल्या तो घोळका नाश्त्याच्या बशीएवढा होता. १५ सेंटिमीटर धरू. आणि मी खूश होतो, कारण शेजारच्याची एक गोळी माझ्याच कागदावर आली होती. :)

आता तोच हात ३०० मीटरवर न्या. अंतर बारापट, चूकही बारापट. १५ चे झाले १८० सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर ऐंशी. आणि वर लक्षात ठेवायला सांगितलेले आकडे काढा. १८८९ च्या जातीची गोल गोळी आणि आजची इन्सासची गोळी यांच्यात ३०० मीटरवर कमानीचा फरक किती? २८ वजा १३, पंधरा सेंटिमीटर. शंभर वर्षांच्या संशोधनाने, कारखान्यांनी, नाटोच्या बैठकांनी मिळवलेले पंधरा सेंटिमीटर माझ्या थरथरत्या हाताने एका मिनिटात बारापटीने फेडून टाकले.

अर्थात जवान माझ्यासारखा नसतो, तो कितीतरी चांगला मारतो. पण तो धावत आलेला असतो, दम लागलेला असतो, समोरून गोळ्या येत असतात. म्हणून ३०० मीटरच्या आत सगळी बरी काडतुसं पुरेशी सपाट आहेत असं माझं मत झालं आहे. ४००-६०० मीटरवर फरक पडतो, पण तो फायदा उचलण्याइतका नेम ज्याचा पक्का आहे त्यालाच. सेक्शनमधल्या एकदोघांच्या हातात लांब पल्ल्याची रायफल द्यायची की प्रत्येकाच्या, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येकाला दिली तर प्रत्येकाने वजन वाहायचं आणि राउंड कमी न्यायचे.

मागच्या रविवारी घरी फोन केला आणि हे सगळं सांगितलं. मोठ्या बाबांना म्हटलं, "मोठे बाबा, गोळी तर इन्सासची जास्त सपाट आहे. पण लांब गेल्यावर तुमची जास्त दम धरते." ते पाच सेकंद गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो!"

चुलतभावाला तेव्हा परत जायला दोन दिवस होते. त्याने फोन घेतला, माझे कमानीचे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊ, हे सगळं ठीक हाय. आम्हाले बंदूक कोणतीबी द्या. फक्त सरावाले राउंड जास्त द्या."

माझ्या एक्सेलमध्ये हा कॉलम नव्हताच. बंदुकीच्या कराराची बातमी आपण वाचतो, फोटो बघतो, भांडतो. वरणगावहून किती खोके कुठल्या फायरिंग रेंजवर गेले, याची बातमी कोणी करत नाही. पुढच्या वेळी भुसावळनंतर ती पाटी गेली की मला तेच आठवणार.

चूकभूल द्यावी घ्यावी. फौजेतल्या वाचकांनी कान धरला तर आनंदच आहे. भेटू पुढच्या शनिवारी.